निष्कर्ष घेऊन परत कधी येणार? मराठवाड्यातल्या विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू, अधिसभा आणि विद्या परिषदेचे सदस्य, संशोधन मार्गदर्शक, आणि प्रश्नावली घेऊन आमच्या वाड्या-तांड्यांवर येणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्राला निमित्त दोन कागदांचं आहे. आमच्या भागातल्या एका गावच्या महिला ग्रामसभेनं ठराव करून तुमच्यातल्याच एका विद्यापीठाच्या विभागाला विचारलं होतं, की काही वर्षांपूर्वी आमच्या गावात ऊसतोड बायकांच्या आरोग्याचा अभ्यास झाला, त्यात काय निघालं ते आम्हाला मराठीत कळवा. उत्तर आलं: सदर शोधप्रबंध ग्रंथालयात संदर्भासाठी उपलब्ध असून इच्छुकांनी ओळखपत्रासह कार्यालयीन वेळेत समक्ष येऊन पाहावा. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच विभागाचं दुसरं पत्र आमच्या संस्थेला आलं. नवा प्रकल्प मंजूर झाला आहे, विषय ऊसतोड महिलांचं सक्षमीकरण, तरी मुलाखतींसाठी आपल्या कार्यक्षेत्रातील महिला उपलब्ध करून द्याव्यात.

विभागाचं नाव लिहीत नाही. हे एकाच विभागाचं दुखणं असतं तर मी एसटीनं जाऊन, समोर बसून बोलले असते. तसं ते नाही, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते आहे.

माझं यात काय अडकलंय ते आधी सांगते. माझे आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, मी आजीपाशी राहून शिकले. पुढं ऊसतोड बायकांच्या बचत गटांचं काम करणाऱ्या संस्थेत लागले. तेव्हापासून आमच्या तालुक्यात जो कुणी संशोधक उतरतो, त्याला गावात न्यायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. कुठल्या घरात सासू बसलेली असताना सून तोंड उघडणार नाही, कुणाला नवऱ्याच्या आत्महत्येबद्दल अजून विचारायचं नाही, हे मी सांगते. बाई गप्प झाली की तोच प्रश्न तिच्या बोलीत फिरवून विचारते. बायका बोलतात त्या माझ्या भरवशावर. नंतर संशोधक जातो, त्याची पीएच.डी. होते, फेसबुकवर मार्गदर्शकांना हार घालतानाचा फोटो येतो. आम्हालाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी त्याच गल्लीत राहते. तिथं बायका मला गाठून विचारतात, "ताई, ते एवढे कागद भरून नेले, त्याचं पुढं काय झालं?"

आता तक्रारी सांगते. पहिलीलाच जास्त जागा लागणार आहे, कारण बाकीच्या तिच्याच पोटातल्या आहेत.

निष्कर्ष परत येत नाहीत. २०१९ सालचं घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय (बायका म्हणतात ती पिशवी) काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला, तेव्हा सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशभराच्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा गाजला, आणि मग संशोधकांची रीघ लागली. समाजशास्त्र आलं, समाजकार्य आलं, अर्थशास्त्र, स्त्री अभ्यास, सार्वजनिक आरोग्य, सगळे येऊन गेले.

कारणं आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा म्हणून पैसे कापले, फडात ना आडोसा ना पाणी, पाळी चालू असली तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. लग्न कोवळ्या वयात, विशीत नसबंदी, मग अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखाना, आणि तिथं "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल." ही कारणं बायकांनीच तुम्हाला सांगितली. त्यांना ती परत ऐकायची नाहीत.

त्यांना हवं होतं ते वेगळं होतं आणि ते तुमच्याकडे होतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्या दिवसापासून सुरू होतात. अंगाचा भडका होतो, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात, पुढं हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली असली तरी काही जणींमध्ये त्यांचं काम लवकर थांबतं. तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईनं म्हणूनच हाडांकडे, रक्तदाबाकडे आयुष्यभर लक्ष ठेवायला हवं, आणि कॅल्शियम किंवा इतर औषधांबद्दल सरकारी दवाखान्यात जाऊन विचारायला हवं. पण त्याच्याही आधी आपलं नेमकं काय काढलंय, हे तिला माहीत पाहिजे. आमच्या कितीतरी जणींना ते माहीत नाही. डिस्चार्जचा कागद फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भिजून गेला, नाहीतर औषधाच्या पावत्यांबरोबर चुलीत गेला. तो कागद जपा, हरवला असेल तर दवाखान्याकडून नक्कल मागा, एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं.

संशोधकाच्या हातात सगळं होतं. वय, ऑपरेशनचं साल, कंबरदुखी, छातीत धडधड, सगळं त्यानं प्रत्येकीकडून लिहून घेतलं होतं. प्रबंधाच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणात त्याचा कोष्टकासह संबंधही लावला. ज्या बाईच्या कंबरेवरून ते कोष्टक तयार झालं, ती मात्र हे सगळं मोळ्या उचलल्यामुळंच होतंय असं समजून मलम चोळत राहिली. आणि जिचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, ती तिची धाकटी जाऊ. पांढरं जाण्याचं कारण बऱ्याचदा साधा जंतुसंसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो, पिशवी काढायला सांगितलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव, हे तिला वेळेवर कळलं असतं, तर एखादं ऑपरेशन तरी टळलं असतं. यासाठी तुम्हाला नवा निधी लागत नव्हता. अर्धा दिवस आणि एक माणूस, बस.

"प्रबंध शोधगंगेवर आहे की," असं एका प्राध्यापकांनी मला फोनवर सांगितलं. मला शोधगंगा माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं ते भांडार उभं केलं, ही चांगलीच गोष्ट झाली. तुमच्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं आहेत, काही तर चक्क मराठीत लिहिलेले आहेत. पण तीनशे पानांचा प्रबंध, त्याचे प्रकरणवार तुकडे, पहिली दोन प्रकरणं संकल्पना आणि पूर्वसाहित्याची. पडदा फुटलेल्या मोबाइलवर ते उघडून कोणती बाई स्वतःच्या कामाचं पान शोधून काढणार आहे? (त्या विभागाला उत्तरात निदान शोधगंगेची लिंक देता आली असती, हे राहून राहून मनात येतं. त्यांनी ओळखपत्र मागितलं.)

दुसरी तक्रार नावांची. २०१९ नंतर "गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव" असे मथळे आले. ते पत्रकारांनी दिले, तुम्ही नाही. पण नंतरच्या शोधनिबंधांत तेच मथळे गावाच्या नावानिशी संदर्भ म्हणून आले. बाईचं नाव बदललं, "उत्तरदाती क्रमांक अमुक" केलं, आणि गाव, वस्ती, वय, जात, मुलांची संख्या तशीच ठेवली, तर दोनशे उंबऱ्यांच्या गावात ती कोण हे ओळखायला किती वेळ लागतो? आमच्याकडे मुलीची सोयरीक जमवताना पाहुण्यांनी आडून आडून हा विषय काढल्याचं बायका सांगतात. निष्कर्ष गावात येत नाही, बदनामी मात्र बरोबर पोचते.

तिसरी तक्रार तुमच्या प्रश्नावलीची. हिच्यावर मला मनापासून बोलायचंय, कारण इथं नुकसान आमच्याइतकंच तुमचंही होतं. "मागील ३० दिवसांतील कुटुंबाचे एकूण उत्पन्न" हा प्रश्न प्रत्येक फॉर्मात असतो. कोयत्याच्या घरात असा महिना नसतो हो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्या-दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेतली, त्यात मागचं देणं, दुकानदार, एखादं लग्न भागवलं, आणि मग पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात टनावर ती फेडत राहायचं. हातात येते ती वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेली चिल्लर, तीही बाजारहाटात जाते. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या सालावर. या बाईला तुम्ही महिन्याचं उत्पन्न विचारता. ती तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी आकडा सांगते, आणि त्या आकड्यावर तुमचं सांख्यिकी सॉफ्टवेअर चालतं.

फॉर्म छापायच्या आधी आमच्या गटातल्या दोन बायकांपुढं वाचला असता, तर त्यांनी सांगितलं असतं: उचल किती, मागची बाकी किती, टनाचा दर काय धरला, खाडे किती पडले, हिशेब कुणी केला आणि तो बाईला दाखवला का. यातला शेवटचा प्रश्न आजवर मी एकाही प्रश्नावलीत पाहिला नाही. कोयता दोघांचा आणि हिशेब एकट्या नवऱ्याशी, आमच्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथं आहे.

वेळेचंही तसंच. तुमचं सत्र, तुमच्या सुट्ट्या, तुमची अहवालाची तारीख, या हिशेबानं पाहणी डिसेंबर-जानेवारीत येते. तेव्हा वडवणी, धारूर, केज, शिरूर कासारच्या वस्त्यांवर म्हातारे, शाळेची पोरं आणि कुलपं असतात. ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हा या. दुपारी येऊ नका, बायका चैताच्या उन्हात पाण्याच्या मागं असतात. रात्री जेवणं झाल्यावर बसलात तर न विचारता सगळं कळेल.

चौथी तक्रार थोडक्यात: संमतीपत्र. बरेचदा इंग्रजीत, अंगठा घ्यायचा आणि कागद परत पिशवीत. त्याची एक प्रत बाईकडे राहिली पाहिजे, त्यावर कुणाला फोन करायचा ते मराठीत पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याच्या संशोधनासाठी संमती, समुदायाचा सहभाग, निष्कर्ष लोकांपर्यंत नेणं हे सगळं आहे. विषय आरोग्याचा आणि विभाग समाजशास्त्राचा असला, की ही तत्त्वं कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं.

पाचवी: श्रेय. आम्ही वर्षानुवर्षं ठेवलेली विधवा बायकांची, हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांची रजिस्टरं नमुना निवडायला वापरली जातात आणि पुढं "प्राथमिक माहिती संशोधकाने स्वतः संकलित केली" असं छापून येतं. मला नावाची हौस नाही. पण माहिती कुठून आली हे नीट लिहिणं तुमच्याच शास्त्राचा नियम आहे ना?

सहावीला तर हसूच येतं, तरी लिहिते. २०१४ पासून केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात सहभागी उच्च शिक्षण संस्थांनी निदान पाच गावं दत्तक घ्यायची असतात. आमच्या भागातली अशी गावं मी पाहिली आहेत. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, प्रभातफेरी, मंदिरापुढची झाडलोट, बॅनर, समारोपाला पाहुणे. पोरं जीव लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच विद्यापीठात त्याच गावाच्या पाण्यावर, मजुरीवर, कर्जावर झालेले प्रबंध पडून असतात आणि शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यातलं एक पानसुद्धा नसतं. विस्ताराचा विभाग आणि संशोधनाचा विभाग एकाच आवारात असतात म्हणे.

आता कुणी म्हणेल, विद्यापीठानं हेही करायचं का? मराठवाड्यात हे होत आलंय, म्हणून तर विचारते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मेला, त्यांच्या स्थापनादिनी असतो. रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी. शेतकऱ्याला तारखा पाठ आहेत. बदनापूरच्या केंद्रानं बीडीएन ७११ ही तूर काढली. ती लवकर येते, म्हणून पावसानं शेवटी दगा दिला तरी हाताला लागते, हे आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मेळाव्यातून, शिवारफेरीतून कळलं. त्याला कुणी प्रबंध वाचायला ग्रंथालयात बोलावलं नाही. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं शेतकरी आणि शास्त्रज्ञांचं मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षं चालत आलं. तिथं शेतकरी उठून शास्त्रज्ञाला "साहेब, आमच्याकडे असं होत नाही" म्हणतो आणि शास्त्रज्ञ ते लिहून घेतो. तुरीच्या एका वाणासाठी तुमच्या कॅलेंडरात दिवस राखलेला आहे. ज्या बाईच्या अंगावर तुमचे इतके प्रबंध झाले, तिच्यासाठी एकही दिवस नाही.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. लातूर-धाराशिवच्या गावांत पुनर्बांधणी चालू असताना स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर महिला मंडळांतल्या बायका "संवाद सहायक" झाल्या. भूकंपाचा धक्का सोसायला घराला कुठं पट्टी हवी, कोपरे कसे बांधायचे, हे इंजिनिअरकडून समजून घेऊन त्यांनी घरोघर सांगितलं, आणि घरच्या बाईची अडचण उलट इंजिनिअरपर्यंत नेली. पुढं २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. सातवी-आठवी शिकलेल्या बाया होत्या त्या.

आणि गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांच्या आजारांचा जो अभ्यास केला, तो १९८९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. तोही बायकांच्या अंगावरच्या, न बोलायच्या दुखण्यांचाच विषय होता. त्यांनी तो विषय लोकांपुढं जत्रा भरवून मांडला. गडचिरोली काही युरोपात नाही.

युरोपचंही सांगते, कारण तुमच्या परिसंवादांत ते नाव घेतल्याशिवाय जमत नाही. नेदरलँड्सच्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात "सायन्स शॉप" सुरू केली. गल्लीतल्या मंडळानं, कामगार संघटनेनं आपला प्रश्न घेऊन यायचं, विद्यार्थ्यानं मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यावर अभ्यास करायचा, आणि उत्तर विचारणाऱ्याला द्यायचं. विद्यार्थ्याला त्याचेच गुण. इतकं साधं आहे ते.

संशोधक विद्यार्थ्यांवर मी हे सगळं ढकलत नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यातली कितीतरी पोरं-पोरी आमच्याच तालुक्यांतली आहेत, काही कोयत्याच्याच घरातली. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलनं करत, उसनवारीवर प्रबंध पुरा करतात. एका पोरीला परत येऊन बायकांशी बोलायचं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, त्यात वेळ घालवू नकोस, पेपर काढ. मार्गदर्शकांचंही खरंच आहे. पदोन्नतीच्या तक्त्यात शोधनिबंधाला गुण आहेत, परिषदेत वाचलेल्या पेपरला आहेत, ग्रामसभेत उभं राहून तासभर उत्तरं देण्याला नाहीत. जे कुणाच्याच कामात धरलं जात नाही ते कुणीच करत नाही. म्हणून पत्र विद्यार्थ्यांपेक्षा तुम्हाला आहे, कुलगुरू महोदय. नियम तुम्ही करता.

आमच्या मागण्या अशा.

संशोधन मान्यता समितीपुढं रूपरेषा येते तेव्हाच, माणसांवर किंवा गावावर आधारलेल्या प्रत्येक विषयात एक रकाना ठेवा: निष्कर्ष कुणाला, कुठं, कोणत्या भाषेत सांगणार. आणि मौखिक परीक्षेच्या आधी ते सांगितल्याची नोंद मागा. दोन पानं मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ती वाचून दाखवायला संशोधक स्वतः. पोस्टानं पाठवलेली चालणार नाहीत, प्रश्न पोस्टाला विचारता येत नाहीत.

जागा आणि दिवस नव्यानं शोधायची गरज नाही. १ मेला ग्रामसभा असते आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तोपर्यंत टोळ्या परतलेल्या असतात. बायकांच्या आरोग्याचे निष्कर्ष महिला सभेत सांगा, ग्रामसभेत पुरुषांपुढं नको. आणि कुणा एकीची गोष्ट तिच्या गावात ओळखू येईल अशी सांगू नका.

प्रश्नावली छापण्याआधी त्या भागातल्या लोकांपुढं, त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांपुढं वाचा. मुलाखतीला दिलेल्या वेळाची त्या दिवसाच्या मजुरीच्या हिशेबानं भरपाई प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा. विमानभाड्याला रकाना असतो, याला का नसावा? भरपाई सगळ्यांना सारखी आणि आधीच जाहीर केलेली असावी, म्हणजे पैशासाठी कुणी बोलली असं होणार नाही.

नैतिकता समितीत लोकांमध्ये काम करणारी किमान एक व्यक्ती घ्या, आणि ती तुमच्याच निवृत्त प्राध्यापकांपैकी नको. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ दिलेलंच आहे. त्या मंडळाकडे वर्षातून एकदा आमच्यासारख्या संस्था, ग्रामपंचायती, गट यांच्याकडून प्रश्न मागवायचं काम द्या, आणि कोणत्या प्रश्नावर कुणी अभ्यास घेतला ते जाहीर करा.

प्रश्न आमच्याकडे भरपूर आहेत. दिवस भरत आलेली बाई मोळी उचलते त्याचा पोटातल्या बाळाच्या वजनावर काय परिणाम होतो? हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुली पुढं किती शिकतात आणि आई-बापांबरोबर गेलेल्या किती? ऊस तोडायचं यंत्र फडात आल्यापासून आमच्या कोणत्या वस्त्यांचं काम सुटलं, आणि ती माणसं कुठं गेली? २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या. तिथं आता मुरूम वर आलाय. त्यात काय पेरायचं, गाळ कुठून आणायचा, किती वर्षांत जमीन धरेल? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कुठल्यातरी कपाटात आधीच असेलही. असेल तर तेवढं तरी कळवा.

या वर्षीच्या अधिसभेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी बसतात, मते मागायला ते आमच्या तालुक्यापर्यंत आले होते. त्यांनाही हे पत्र पाठवते आहे.

तोपर्यंत आमच्या गटांनी त्यांच्यापुरतं ठरवलंय. यापुढं मुलाखत हवी असेल तर प्रश्नावली आठ दिवस आधी गटाकडे यावी, संमतीपत्राची मराठी प्रत बाईकडे राहावी, आणि निष्कर्ष सांगायला कोणत्या महिन्यात येणार ते त्याच कागदावर लिहून संशोधक आणि मार्गदर्शक दोघांनी सही करावी. ज्यांना हे मान्य आहे त्यांची राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. बाकीच्यांना गटाच्या अध्यक्षा नाही म्हणतील, मला मध्ये घालू नये.

आपली,
ऊसतोड बायकांच्या गटांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती,
जि. बीड